तोंडचे पाणी पळते तेव्हा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हांस ‘मनाच्या भावना आणि ताण’ ह्या विषयावर काही अभ्यासपूर्ण लिहावयास सांगितले, तेव्हा प्रथम आम्ही नकारच देणार होतो. आम्ही डॉक्टर नव्हे, मानसशास्त्रज्ञ तर नव्हेच. बी.एड.च्या वर्षी शैक्षणिक मानसशास्त्राचा एक पेपर होता, त्यात बऱ्यापैकी गुण मिळाले होते, एवढीच आमची पुंजी. आणि त्या पेपरात जे शिकलो ते पुढे दहा-बारा वर्षे वर्गात कधी वापरल्याचे आम्हांस स्मरत नाही. परंतु एका मुलामुळे हा विषय आम्हांस पुन्हा मुळापासून वाचावा लागला. ती हकीकत सांगितल्यावाचून पुढचे सांगणे कोरडे होईल, म्हणून तिच्यापासूनच आरंभ करतो.

2019 च्या सप्टेंबर महिन्यातली गोष्ट. बेळगावात आठवीच्या वर्गावर आमचा बीजगणिताचा तास चालू होता. दोन पदांच्या बेरजेचा वर्ग कसा करावयाचा हे आदल्या आठवड्यात झाले होते आणि ह्या मुलाला ते चटकन समजले होते. म्हणून मुद्दामच त्याला फळ्याजवळ बोलाविले. तो आला, खडू हातात घेतला, आणि तसाच उभा राहिला. “लिही की रे,” आम्ही म्हणालो. तो फळ्याकडे पाहात राहिला. पुन्हा सांगितले. मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली. तिसऱ्या वेळी आमचा आवाज चढला आणि “मूग गिळलेस काय?” असे आम्ही सर्वांदेखत विचारले. वर्ग हसला. मुलाने खडू जमिनीवर आपटला आणि तो वर्गाबाहेर चालता झाला. दप्तर तेथेच राहिले. आम्ही त्याच्या रोजनिशीत पालकांसाठी एक ओळ लिहिली, ‘आपला पाल्य उद्धट होत आहे, लक्ष द्यावे’, आणि दप्तर शेजारच्या मुलाबरोबर घरी पाठवून दिले.

चार दिवस तो शाळेत आला नाही. रविवारी आम्ही त्याच्या घरी गेलो. खरे सांगावयाचे तर समजूत घालण्यास नव्हे, तक्रार करण्यास गेलो.

आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊकच आहे की बेळगावात वडगाव, शहापूर, खासबाग ह्या भागांत विणकरांची वस्ती मोठी आहे. घराच्या पुढच्या सोप्यात यंत्रमाग आणि मागे चूल, असा तेथला संसार. त्या वर्षी ऑगस्टच्या आरंभी जो पाऊस कोसळला, त्याचे पाणी ह्यांच्या सोप्यात शिरले होते. दोन्ही मागांच्या मोटरी पाण्यात बुडाल्या, बीमवर चढविलेले सूत कुजले, तयार साड्यांचा गठ्ठा वाया गेला. आम्ही गेलो तेव्हा पाणी ओसरून महिना उलटला होता, पण माग अद्याप उघडेच पडले होते. मुलाचे वडील भिंतीला टेकून बसले होते. आम्ही नमस्कार केला, त्यांनी मान हलविली, आणि पुढे तासाभरात ते चार शब्दही बोलले नाहीत. आई मात्र आम्हांस पाहताच कडाडली, “सर, तुम्ही पण त्यालाच बोला. सगळे त्यालाच बोलतायत!” तिसरीत शिकणारी धाकटी मुलगी रोज सकाळी शाळेच्या वेळी पोटात दुखते म्हणून आडवी होत होती, डॉक्टरांना दाखविले तर त्यांना काही सापडले नव्हते. आजीने काहीच न बोलता चहा ठेवला आणि आम्ही जेवलो आहोत की नाही एवढे विचारले. मुलगा आतल्या दाराशी उभा होता. आम्ही पाठविलेली ती ओळ वाचून आईने त्याला मारले होते, असे आजीकडून निघताना कळले. त्यापूर्वी तिने त्याच्यावर कधी हात उगारला नव्हता.

एकाच छपराखाली एकच संकट आले; आणि एक माणूस मुका झाला, एक चिडखोर झाले, एकीचे पोट दुखू लागले, एकीने कामात स्वतःला गुंतवून घेतले, आणि एक मूल फळ्यापुढे थिजले. ह्यांतील प्रत्येकाला शेजाऱ्यांनी आणि आम्ही एकेक नाव देऊन टाकले होते: घुम्या, भांडखोर, ढोंगी, उद्धट. फक्त आजीला कोणी नाव ठेविले नव्हते. सायकल ढकलीत घरी परतताना आम्हांस प्रथमच असे वाटले की, आम्ही शिकलेली माणसे ह्या बाबतीत जवळजवळ निरक्षर आहोत.

पुस्तके काढली. वाचू लागलो तसतसे एक आश्चर्य वाटू लागले, ते असे की शास्त्रज्ञांनी मोठ्या खटपटीने जे शोधून काढले त्यातील पुष्कळसे आपली मराठी भाषा केव्हापासून बोलत आली आहे. माणूस घाबरला असे आपण नुसते म्हणत नाही. आपण म्हणतो, त्याच्या तोंडचे पाणी पळाले, छातीत धस्स झाले, पोटात गोळा आला, हातपाय गळाले, अंगावर काटा उभा राहिला, बोबडी वळली, चेहरा पांढराफटक पडला. रागावला तर तळपायाची आग मस्तकाला जाते. काळजी असली तर जीव टांगणीला लागतो, आणि ती सरली की जीव भांड्यात पडतो. एका मधल्या सुटीत शिक्षकांच्या खोलीत आम्ही अशा वाक्प्रचारांची यादी करावयास बसलो, तर घंटा होईपर्यंत पाठपोट कागद भरला. ह्यांतील बहुतेक सगळे शरीराविषयी आहेत, हे तेव्हा ध्यानात आले.

आणि ते अलंकारिक नाहीत, अगदी शब्दशः खरे आहेत. अमेरिकेत हार्वर्ड येथे वॉल्टर कॅनन नावाचे शरीरशास्त्रज्ञ होऊन गेले. 1895 साली क्ष-किरणांचा शोध लागला आणि लगोलग, अद्याप विद्यार्थी असतानाच, कॅनन ह्यांनी त्या किरणांच्या साहाय्याने मांजरांच्या पोटातील अन्न कसे पुढे सरकते ते पाहावयास सुरुवात केली. अन्नात क्ष-किरणांनी दिसेल असा पदार्थ मिसळावयाचा आणि जठराच्या लाटा पाहात बसावयाचे. मध्येच केव्हा तरी लाटा थांबत. कारण शोधू जाता असे दिसले की मांजर बिथरले, चिडले वा घाबरले की जठराचे काम बंद पडते. त्याला गोंजारून शांत केले की काही वेळाने पुन्हा सुरू होते. येथून आरंभ करून त्यांनी वर्षानुवर्षे जे संशोधन केले, ते 1915 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्याचा गाभा थोडक्यात असा. जिवावर बेतल्यासारखे काही समोर आले की मज्जातंतूंची एक यंत्रणा आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी एकदम जाग्या होतात. ग्रंथींतून अॅड्रिनॅलिन रक्तात उतरते. हृदय जोराने धावते, यकृत आपली साखर रक्तात सोडते, रक्त कातडीकडून आणि पोटाकडून काढून स्नायूंकडे धाडले जाते. लढावयाचे असो वा पळावयाचे असो, दोहोंना हीच तयारी लागते. वाघ समोर असता भाकरी पचविण्याची घाई कोणाला? म्हणून लाळ आटते, आणि तोंडचे पाणी पळते. पोटाचे काम अडते, आणि गोळा येतो. कातडीतील रक्त आत जाते, आणि चेहरा पांढरा पडतो. प्रत्येक केसाच्या मुळाशी असलेला इवलासा स्नायू आवळतो, आणि काटा उभा राहतो.

त्या धाकट्या मुलीचे पोट खरोखरीच दुखत होते. डॉक्टरांना काही सापडले नाही ह्याचा अर्थ ती ढोंग करीत होती असा होत नाही.

हे सगळे आम्ही शाळेतील संस्कृतच्या शिक्षकांपाशी बोललो, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “भरतमुनींनी हे आठांत बसविले आहे, गुरुजी.” नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु म्हणजे कंप, वैवर्ण्य म्हणजे रंग उडणे, अश्रू आणि प्रलय म्हणजे भान हरपणे. नटाने भावना नुसती तोंडाने सांगावयाची नाही, ती त्याच्या अंगावर दिसली पाहिजे, हा त्यामागचा विचार. आमचा डोळा पहिल्याच शब्दावर अडकला. स्तंभ! खांबासारखे होणे. फळ्यापुढे तो मुलगा उद्धट झाला नव्हता, त्याला स्तंभ झाला होता.

लढणे आणि पळणे ह्या दोहोंच्या आधी, पुष्कळदा त्यांच्या ऐवजी, थिजणे येते. हरणाचे पाडस गवतात निपचित पडून राहते. त्याची हालचाल थांबते, हृदयाचा वेगही त्या क्षणापुरता मंदावतो. माणसाचे पोर काही निराळे नाही. शिवाय अशा वेळी कपाळामागील मेंदूचा जो भाग विचार करतो, पायऱ्या मांडतो, आठवणीतून नेमके हवे ते काढून देतो, त्याचे काम ढिले पडते. काल येणारे गणित आज येत नाही, पाठ असलेली कविता व्यासपीठावर पहिल्या ओळीलाच अडते. घरी सोडविलेला पेपर परीक्षागृहात कोरा दिसतो आणि बाहेर पडून गार वारा लागला की सगळे आठवते, हा अनुभव वाचकांपैकी कितीजणांना असेल! असे मूल समोर उभे असता “लिही की, लिही की” म्हणून आवाज चढविणे म्हणजे पाडसाला उठविण्यासाठी वाघाने डरकाळी फोडण्यासारखे आहे. आम्ही तेच केले होते. तिसऱ्या डरकाळीला त्याचे थिजणे मोडले आणि पळणे सुरू झाले, खडू आपटून.

परंतु आमचा राग, तो कोठून आला होता? हा प्रश्न आम्हांस अधिक दिवस छळीत राहिला. त्याचे उत्तर एका शब्दाने दिले. आमच्या घरी दख्खनी बोलतात, शाळेत आम्ही मराठी शिकवितो, बाजारात आणि कचेरीत कानडी चालते. तीन भाषांत राहणाऱ्या माणसाला शब्दांशी खेळण्याचा नाद लागतोच. आमच्या घरात रागाला गुस्सा म्हणतात, आणि मराठीतही तो शब्द परका नाही. हा शब्द मुळात अरबी. अरबीत त्याचा अर्थ घशात अडकलेला घास, गळ्यात दाटून आलेला आवंढा. तेथून तो फार्सीत गेला आणि तेथे त्याचा अर्थ झाला दुःख. आजही इराणात ह्या शब्दाने दुःखच समजतात. हिंदुस्थानात येऊन त्याचा अर्थ झाला राग. मराठीतल्या ‘राग’ ह्या शब्दाचे प्रवासही असेच. संस्कृतात त्याचा अर्थ रंग, आणि प्रीती, आसक्ती. जिच्यात प्रीती तोच राग! शब्दांच्या ह्या प्रवासावरून शास्त्रीय सिद्धांत काढता येत नाही हे आम्ही जाणतो. तरी त्या दिवसापासून कोणी गुस्सा केला की, ह्याच्या घशात काय अडकले आहे, असा प्रश्न आमच्या मनात आपोआप येतो.

त्या माउलीच्या घशात बुडालेला माग अडकला होता. ती कोणावर ओरडणार? पावसावर? नवऱ्यावर ओरडली तर तो अधिकच आत जाई. मग हाताशी सापडे ते पोर. आणि आमच्या घशात? प्रामाणिकपणे लिहावयाचे तर भीती. चाळीस मुले पाहात आहेत, एक पोरगे ऐकत नाही, आज ऐकले नाही तर उद्या कोणीच ऐकणार नाही, ही ती भीती. मास्तरांच्या रागापैकी बराचसा राग ह्याच जातीचा असतो. हे विधान आमच्या व्यवसायबंधूंना रुचणार नाही, परंतु त्यांनी रात्री निजताना एकदा तपासून पाहावे.

वडिलांचे मौन मात्र आम्हांस बराच काळ उलगडले नाही. ते थिजलेपण नव्हते. थिजणे क्षणांचे असते, हे महिन्याचे होते. ह्यासाठी दुसऱ्या एका संशोधकाकडे जावे लागते. हान्स सेल्ये ह्यांचा जन्म 1907 साली व्हिएन्ना येथे झाला व पुढे ते कॅनडात माँट्रियल येथे काम करीत. 1936 साली ‘नेचर’ ह्या नियतकालिकात त्यांनी जेमतेम एका पानाचे टिपण प्रसिद्ध केले. उंदरांना थंडी, अतिश्रम, इजा, निरनिराळी विषारी द्रव्ये, कशानेही त्रास दिला तरी त्यांच्या शरीरात एकाच प्रकारचे बदल आढळतात, असे त्यांना दिसले होते: त्या टोपीसारख्या ग्रंथी मोठ्या होतात, रोगाशी झुंजणाऱ्या ग्रंथी आकसतात, जठरात व्रण पडतात. त्यांनी ह्याच्या तीन अवस्था सांगितल्या. प्रथम धोक्याची घंटा, मग टक्कर देण्याची अवस्था, आणि संकट हटलेच नाही तर शेवटी थकवा. दुसऱ्या अवस्थेत माणूस बाहेरून उत्तम दिसतो. पुराच्या रात्री आणि त्यानंतरचे पंधरा दिवस हेच वडील कमरेइतक्या पाण्यातून शेजाऱ्यांचेही सामान बाहेर काढीत होते, असे आम्हांस नंतर सांगण्यात आले. सगळे म्हणत, काय धीराचा माणूस! पाणी ओसरले, मदतीला आलेली माणसे आपापल्या घरी गेली, कर्जाचा आकडा समोर बसला, आणि मग हा गृहस्थ भिंतीला टेकला. ज्याला मदतीची गरज आहे तो संकटाच्या दिवशी क्वचितच ओळखू येतो. महिन्या-दोन महिन्यांनी फेरी मारावी. धर्मादाय काम करणाऱ्या संस्थांच्या कार्यकर्त्यांनी हे ध्यानात घ्यावे अशी विनंती आहे. पुराच्या दुसऱ्या दिवशी धान्य घेऊन जाणारे पुष्कळ, पण नोव्हेंबरात नुसते बसावयास जाणारा एखादाच.

तिसऱ्या की चौथ्या भेटीत ते बोलले. बोलले ते मागाविषयीच. आम्ही सहज ‘ताण’ हा शब्द वापरला, तर ते म्हणाले, “सर, ताणा सैल असला तर कापड पोकळ येतंय, जास्त ओढला तर धागा तुटतोय. धाग्याचं बळ बघून ओढायचं.” उभ्या धाग्यांना विणकर ताणा म्हणतात, हे आम्हांस ठाऊक होते, पण आम्ही रोज उच्चारतो तो ताण आणि हा ताणा ह्यांची सांगड कधी घातली नव्हती. गंमत अशी की, हीच गोष्ट यर्क्स आणि डॉडसन ह्या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1908 साली उंदरांवर प्रयोग करून मांडली आहे. उंदराला दोन वाटांपैकी योग्य वाट ओळखावयाची. चुकला की विजेचा लहानसा झटका. वाटांतला फरक अगदी उघड असला तेव्हा झटका जोराचा असला तरी उंदीर लवकर शिकत. फरक ओळखण्यास कठीण केला की मात्र जोराच्या झटक्याने शिकणे बिघडे. मध्यम झटका बरा ठरे. तेव्हा हल्ली जे सर्रास म्हटले जाते की मुलांना ताण मुळीच नको, ते काही खरे नव्हे. परीक्षा नसती तर आम्हीही कधी पुस्तक उघडले नसते. परंतु पाढे म्हणावयास जेवढा धाक चालतो तेवढा भूमितीच्या कठीण सिद्धतेला चालत नाही. तेथे धागा तुटतो. धाक वाढवावयाचा आणि कामही कठीण द्यावयाचे, असे दोन्ही आपण दहावीच्या वर्षी करतो.

धाग्याचे बळ मात्र धाग्याधाग्यागणिक निराळे, आणि येथे माणूस उंदराहून वेगळा पडतो. संकट केवढे आहे एवढेच पुरत नाही. त्या माणसाने त्याचा अर्थ काय लाविला आहे हे पाहावे लागते. रिचर्ड लॅझरस ह्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह 1960 नंतरच्या वर्षांत काही प्रयोग केले. पाहणाऱ्याच्या अंगावर शहारे यावेत असा एकच मूक चित्रपट वेगवेगळ्या लोकांना दाखविला, पण निरनिराळ्या निवेदनांसह. वेदनेवर भर देणाऱ्या निवेदनाने प्रेक्षकांच्या तळहाताचा घाम व नाडीचा वेग वाढला. वेदनेचा मुद्दा टाळणाऱ्या वा अलिप्त अभ्यासकाच्या सुरात बोलणाऱ्या निवेदनाने तो कमी राहिला. चित्र तेच, घाम निराळा. म्हणजे आपल्या मनातही असे एक निवेदन सतत चालू असते. ऐंशी टक्के गुण मिळालेला मुलगा एका घरी पेढे वाटतो आणि दुसऱ्या घरी दार लावून बसतो, कारण त्या घरी नव्वदांचे निवेदन चालू असते. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या मनात काय चालू होते, हे त्याने पुढे पुष्कळ दिवसांनी सांगितले. पुराच्या रात्री सुताचे गठ्ठे माळ्यावर टाकण्याचे काम वडिलांनी त्याच्यावर सोपविले होते, आणि तो झोपी गेला होता. सगळे नुकसान आपल्यामुळे झाले अशी त्याची पक्की समजूत होती. तोपर्यंत त्याने हे कोणालाही सांगितले नव्हते. वडिलांना विचारले, तर त्यांना त्याला असे काही सांगितल्याचेही स्मरत नव्हते!

आता करावयाचे काय, असे वाचक विचारतील. आमच्यापाशी औषध नाही. क्रमाविषयी मात्र दोन शब्द सांगता येतील, कारण आमची चूक क्रमाचीच होती. आपण उपदेश प्रथम करतो. ज्याच्या तोंडचे पाणी पळाले आहे त्याच्या कानात उपदेश शिरत नाही. आधी शरीर थाऱ्यावर यावे लागते. बसावयास सांगावे, पाणी द्यावे, सर्वांच्या नजरेतून बाजूला न्यावे. आमचे अब्बा आम्हांस लहानपणी सांगत, राग आला आणि उभा असशील तर बस, तरीही जात नसेल तर आडवा हो. ही शिकवण हदीसमधली आहे हे आम्हांस मोठेपणी कळले. शेजारच्या घरी दहा अंक मोजावयास सांगत. दोन्ही उपाय शरीराला वेळ देतात. श्वासाचेही तसेच. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना कमी होते. म्हणून सावकाश, लांब उच्छ्वास सोडला की हृदय हळूहळू खाली उतरते. आमच्या वर्गात आता चाचणीपूर्वी सगळी मुले पाच वेळा असा उच्छ्वास सोडतात. पहिल्या दिवशी खूप हसली. हसणेही चालते, उच्छ्वासच तो.

मग नाव. 2007 साली कॅलिफोर्नियात मॅथ्यू लीबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, रागावलेल्या वा घाबरलेल्या चेहऱ्याचे चित्र पाहताना त्या भावनेला नुसते शब्दात नाव दिले तरी मेंदूतील भयाशी संबंधित भागाची खळबळ कमी होते. येथे आपली भाषा उपयोगी पडते. मुलाला “तुला काय होते आहे?” असे विचारले तर तो “काही नाही” म्हणतो. “पोटात गोळा आला आहे, की छातीत धडधडते आहे, की रडू येते आहे?” असे विचारले तर तो निवड करू शकतो. त्या आठवीच्या वर्गात आम्ही आमची ती पाठपोट भरलेली यादी फळ्याशेजारी चिकटविली. मुलांनी तीत आपली भर घातली. एका मुलीने लिहिले, ‘मोबाइलवर निकाल उघडताना बोटे गार पडतात.’

उपदेश ह्याच्या नंतर. आणि पुष्कळदा तोपर्यंत त्याची गरजच राहत नाही.

आम्ही त्या मुलाची वर्गासमोर माफी मागितली. घरी नव्हे, वर्गासमोर, कारण हसे तेथे झाले होते. हे लिहिताना थोर काही केले असे वाटत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही बंदी केली आहे, आणि आमचे ते मूग गिळण्याचे वाक्य त्याच सदरात बसते. मुलगा काही बोलला नाही. सुटीनंतर त्याने फळा पुसला, त्या दिवशी त्याची पाळी नसताना.

एक सावधगिरी येथे नमूद केली पाहिजे. प्रत्येक दुःख पाणी देऊन आणि नाव देऊन सरत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि गोडी तिन्ही गेली असतील, माणूस आपल्या वस्तू वाटून टाकू लागला असेल, ‘मी नसलो तर बरे’ अशा अर्थाचे काही बोलत असेल, तर शेजाऱ्या-मास्तरांनी पांडित्य न करता त्याला डॉक्टरांकडे न्यावे. असे थेट विचारल्याने त्याच्या मनात तो विचार भरतो ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्याने त्याला हायसे वाटते. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा 14416 ह्या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य आहे. आमच्या शिक्षक-खोलीच्या दारावर तो आकडा मोठ्या अक्षरांत लिहिला आहे.

ह्या स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे असतील, आणि असावीत. मुलांनी कष्ट केले आहेत. आम्हांस दर वर्षी मे महिन्यात ज्यांची छायाचित्रे येणार नसतात त्यांची आठवण होते. निकालाच्या सकाळी त्यांच्या घरी फोन खणखणत असतो आणि प्रत्येक नातलगाचा पहिला प्रश्न एकच असतो, किती पडले? त्या मुलाची आजी आम्हांस त्या पहिल्या रविवारी जे विचारीत होती, ते त्या सकाळी विचारून पाहावे. जेवलास का? नाही म्हणाला तर ताट वाढून शेजारी बसावे. पहिला घास उतरावयास वेळ लागेल. कॅननच्या मांजरालाही लागत असे. दोन-चार घास गेले की मूल आपणहून बोलू लागते, किती पडले तेही सांगते.

आमचा विद्यार्थी 2022 साली दहावी झाला, गणितात जेमतेम. आता आयटीआय करून मोटर वाइंडिंगचे काम करतो. सोप्यातल्या दोन मागांपैकी एक चालू आहे. दुसरा विकला.